बाबा अदिगुन यांचं लोटांगण

बाबा अदिगुन यांनी चाळीस वर्षं नाटकात राजा केला. इबादान शहराच्या बाजारातल्या बायका त्यांना गुडघे टेकून नमस्कार करायच्या आणि लगेच याम कंदाचा भाव दुप्पट सांगायच्या. राजाने घासाघीस थोडीच करायची असते? घरी जाऊन बोलणी खायचे ते वेगळं.

मी त्यांच्या मंडळीत कपडे सांभाळते. माणूस तापट, पण आतबाहेर एकच. तरुणपणी मास्तरकी सोडून ते लॉरीत पडदे घालून गावोगाव फिरले. नट तेच, दिग्दर्शक तेच, आणि चाक चिखलात रुतलं की हमालही तेच.

मग गुडघे गेले, मागोमाग पाठांतर. सत्तरीला त्यांनी मण्यांचा मुकुट मंडळीतल्या तरुण अकान्बीला दिला आणि स्वतः तीन ओळींचा दूत घेतला. दूत राजापुढे लोटांगण घालतो. इथंच घोडं अडलं. बाबा आडवे झाले की अकान्बी सिंहासनावरून ताडकन उठायचा आणि त्यांच्यासमोर स्वतःच पालथा पडायचा.

"राजा कोण रे, तू की मी?"

"तुम्हीच, बाबा."

"मग डोक्यावर काय घातलंयस, अमालाची उकड ढवळायचं पातेलं?"

"माझी आई येणारे बघायला. वडीलधारं माणूस पायाशी आणि मी बसलेला! स्टेजवर चढून बदडेल मला."

"बदडू दे. मुकुट चढला की बापसुद्धा लोटांगण घालतो. तुला बसून राहता आलं नाही, तर माझ्यामागे ही नाटकं संपली."

अकराव्या तालमीतही तो उठलाच. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. मला म्हणाले, "बोसेची आई, मी नट घडवला की नुसता संस्कारी पोरगा?"

प्रयोगात बाबा आले, पालथे झाले. अकान्बीच्या मुठी आवळल्या, पण तो बसून राहिला. बाबांनी तिन्ही ओळी बिनचूक म्हटल्या.

"ऊठ, दूता," राजा म्हणाला.

बाबा उठेनात. गुडघा आखडला होता. विंगेतून मला त्यांची थरथरणारी कोपरं दिसत होती. ढोलवाल्याचा हात थांबला. मला वाटलं, आता हा पोरगा धावणार आणि सगळं मातीत जाणार.

अकान्बी हलला नाही. भालदारांना शांतपणे म्हणाला, "दोघांनी धरून उठवा यांना. चटई द्या. राजापुढे सगळे वाकतात, पण म्हातारपणाला राजानेही जमिनीवर ठेवू नये."

ही ओळ नाटकात नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याच्या आईने सगळ्यांत जास्त.

पडदा पडताच अकान्बीने मुकुट माझ्या हातात दिला आणि बाबांपुढे सपशेल पालथा पडून रडायला लागला. बाबा अजून चटईवरच होते. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ती ओळ लिहून ठेव," ते म्हणाले. "उद्या मला धड उठता आलं, तरी मी उठणार नाही."