वाचा ना, गुरुजी!

नाटे गावच्या प्राथमिक शाळेतल्या दमयंतीबाई स्वभावाने गोड आहेत असं कुणी म्हणालं, तर खुशाल हसा. बाई शिकवायला एक नंबर, पण डूख धरणाऱ्या. तोही थोडाथोडका नाही, एकतीस वर्षांचा!

चौथीत असताना त्यांना ‘माझे वडील’ हा निबंध लिहायचा होता. बाकीच्या पोरांनी फळ्यावरचा उतरवला. या शहाणीने खरं लिहिलं, ‘माझे बाबा खलाशी आहेत, पण होडीत चढताना त्यांचे हात थरथरतात.’ काशीराम गुरुजींनी वही हिसकावली आणि प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर हातवारे करत वाचली. काय हशा पिकला म्हणता! संध्याकाळपर्यंत बंदरावर बाबांचं नाव ‘थरथऱ्या’ पडलं, ते मरेपर्यंत सुटलं नाही. बाबा लेकीला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर दहा वर्षं तिने मनातलं काही लिहिलं नाही. बाई झाल्यावर मात्र वर्गात पहिला नियम केला: ज्याची वही त्याची, विचारल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. रोज दहा मिनिटं मनातलं लिहायचं, बाईसुद्धा लिहिणार.

गेल्या जूनमध्ये ऋतिका चौथीत आली. काशीराम गुरुजींची नात. आईबाप मुंबईत नोकरीला, पोर आजोबांकडे. कोरी वही पुढ्यात घेऊन बसायची, पेन्सिल टेकवायची नाही. बाईंना आधी आसुरी आनंद झाला. भोगा आता, गुरुजी! मग पोरीची कुरतडलेली नखं दिसली आणि डोकंच फिरलं. मेल्याने हिचीही वाट लावली!

ऋतिकाने बोलायचं, बाईंनी लिहून घ्यायचं, असे दोन महिने गेले. मग दिवसाला एक ओळ, मग चार. जानेवारीत तिने ‘माझे आजोबा’ असं दीड पान लिहिलं आणि आपणहून बाईंपुढे धरलं. बाईंनी वाचलं नि त्यांचे कान तापले. आपली गोष्ट त्यांनी वर्गात कधीच सांगितली नव्हती.

स्नेहसंमेलनात एक निबंध प्रमुख पाहुण्यांनी वाचायचा, ही शाळेची जुनी रीत.

“ही वही कोणी वाचायची गो? नको असेल तर राहू दे,” बाई म्हणाल्या.

“आजोबांनीच,” ऋतिका म्हणाली. “घरी ऐकत नाहीत ते.”

आमंत्रण द्यायला बाई स्वतः गेल्या, अगदी तोंडभर हसत.

शाल-नारळ झाला. गुरुजींनी त्याच खणखणीत आवाजात सुरुवात केली. ‘माझे आजोबा गुरुजी होते. त्यांना सगळं येतं.’ आणि थांबले. त्यांनी बाईंकडे पाहिलं.

“वाचा ना, गुरुजी! तेव्हा बरे थांबला नव्हता!” बाई मोठ्याने म्हणाल्या.

गुरुजींनी घाईने पान उलटलं, शेवटची ओळ वाचली, ‘मला आजोबा आवडतात,’ आणि वही मिटली. टाळ्या सुरू झाल्या.

तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून ऋतिका उभी राहिली. जिचा आवाज बाईंशिवाय शाळेत कुणी ऐकला नव्हता, ती पोर!

“आजोबा, मधली ओळ राहिली.”

टाळ्या थांबल्या. गुरुजींनी वही पुन्हा उघडली आणि वाचलं,

‘ते वही मागतात, तेव्हा माझे हात थरथरतात.’

या वेळी कुणीही हसलं नाही. गुरुजींच्या हातातली वही लटलट हलत होती आणि दमयंतीबाई ते हात पोटभर बघत होत्या.