तेरणा नावाची शेवटची

तेरणा गेल्याची बातमी मला वेळेवर मिळाली होती, पण गेलेली बाई तेरणाच आहे हे कळलं नाही. सकाळी सास्तूरच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं, 'श्रीमती तरुणाबाई यांचे अल्पशा आजाराने निधन. अंत्यविधी दुपारी बारा वाजता.' खाली आडनाव होतं, पण त्या आडनावाचं निम्मं सास्तूर आहे. फोटो नव्हता. मी जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं आणि मेथी निवडायला बसले. पाचव्या दिवशी सास्तूरहून सुभद्राचा फोन आला. "बाई, तुमी मातीला आला न्हाईत. लई वेळ वाट बगितली." मी विचारलं, "कुणाच्या मातीला?" ती म्हणाली, "तेरणाच्या."

तिचं आधार कार्ड काढताना मशीनवर बसलेल्या माणसानं तेरणाचं तरुणा करून टाकलं होतं. तेव्हा ती साठीला आली होती. दुरुस्त करून घेऊ म्हणून मी दोनदा तिच्या मागे लागले. "राहू दे गं शशे," ती म्हणाली, "रेशन तरुणाला मिळतं, खाते तेरणा. दोघींचं भांडण न्हाय." मी हसले, आणि तो विषय तिथंच राहिला. ज्या नावानं मी तिला साठ वर्षं हाक मारली, त्या नावानं ती गेल्याची नोंद कुठंच झाली नाही.

आम्ही दोघी माकणीच्या. तिचे वडील बिरूआबा मेंढरं राखायचे. तिच्याआधी त्यांना तीन लेकरं झाली आणि तिन्ही वर्षाच्या आत गेली. तिघांनाही देवाची नावं ठेवलेली. ही चौथी. मेंढरं नदीकाठी बसवली होती तेव्हा पालातच जन्मली. बाराव्या दिवशी बायका पुन्हा देवीची नावं सुचवू लागल्या, तेव्हा आबा म्हणाले, "देवाची नावं ठिवून बगितली. आता नदीचं ठिवू. नदी कुटं जात न्हाय." हे मला त्यांनी स्वतः सांगितलं होतं, फार पुढं, धरणाची भिंत उभी राहत होती तेव्हा. त्यांची चराईची सगळी रानं त्या पाण्याखाली जायची होती. बारशाला म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या होत्या म्हणे. गंगा, गोदावरी चालतात, त्या तीर्थाच्या नद्या. तेरणा म्हणजे धुणं धुवायची आणि मेंढरं पाजायची नदी, उन्हाळ्यात नुसती वाळू. तिचं नाव पोरीला कोण ठेवतं? खरोखरच कुणी ठेवत नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी तिनं नाव सांगितलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "नाव विचारलंय, नदी नाही." ती पुन्हा तेच म्हणाली. गुरुजींनी तिसऱ्यांदा विचारलं, तिनं तिसऱ्यांदा तेच सांगितलं, न रडता. मी तिच्या शेजारी बसले होते. मला तेव्हा तिचा हेवा वाटला, कारण त्या वर्गात आम्ही चार शशिकला होतो.

ती लग्न होऊन सास्तूरला गेली आणि मी शिक्षिका झाले. त्र्याण्णवच्या भूकंपात तिचा नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी वर्षा गेली. ती वाचली, कारण आबा आजारी म्हणून चार दिवस माहेरी आली होती. सास्तूरला पोचली तोवर लोकांनी दोघांनाही अग्नी देऊन टाकला होता. तिला एकाचंही तोंड बघायला मिळालं नाही. सासू मागे उरली होती. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "नदी घरात घेतली, घर घेऊन गेली." तेरणा त्या सासूला पुढं अकरा वर्षं भाकर घालत होती.

मी बदली मागून सास्तूरच्या शाळेत आले. गाव पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतं. तेरणा अंगणवाडीत मदतनीस झाली होती आणि कुणाला कळा सुरू झाल्या की तिलाच बोलावणं यायचं. दवाखाना लांब, रस्ते उखडलेले. सुभद्राची दोन मुलं भूकंपात गेली होती, त्यानंतर तिला त्या शेडमध्ये मुलगी झाली. बाळाला अंघोळ घालून तेरणानं तिच्या कुशीत दिलं तेव्हा मी तिथं होते. सुभद्रा म्हणाली, "हिला तुजं नाव ठिवते."

"माजं नको," तेरणा म्हणाली. "काय हाय माज्या नावात? काय राह्यलंय?"

"तू हायेस की. तेवढंच लई हाय मला."

तेरणा उठून बाहेर गेली. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "ठेव."

मग ते नाव लागत गेलं. ज्यांची लेकरं गेली होती, त्यांच्या घरात नवी पोर आली की तिचं नाव तेरणा. पुढं पाच-सहा वर्षांनी मी पहिलीच्या वर्गात हजेरी घ्यायचे, तेव्हा 'तेरणा' म्हटलं की चार पोरी एकदम 'हजर' म्हणायच्या. थोरली, धाकटी, काळी आणि बोबडी असे त्यांचे वेगळेवेगळे चार प्रकार आम्ही केले होते. सुभद्राची ती थोरली. तेरणा दुपारी खिचडीच्या वेळेला शाळेच्या भिंतीपाशी येऊन उभी राहायची. चौघींना बघायची, बोलायची नाही. मी तिला एवढी निवांत त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही.

खरं तर पाच व्हायच्या होत्या. त्या पाचव्या पोरीचे आईवडील शाळेत नाव घालायला आले तेव्हा आई दबक्या आवाजात म्हणाली, "बाई, घरी कायबी म्हणू, शाळेत चांगलं नाव लावा. त्या बाईचं सगळं गेलं... मन धजत न्हाय." मी त्यांना समजावू शकले असते. तेव्हा वर्गाबाहेर पंधरा पालक उभे होते. मी पेन उचललं आणि 'तृप्ती' लिहिलं. तेरणाला सांगितलं नाही.

पोरी मोठ्या झाल्या आणि एकेकीचं लग्न होऊ लागलं. आपल्याकडे ताटात तांदूळ पसरून त्यावर सुनेचं नवं नाव लिहितात. धाकटीचं पूजा झालं, काळीचं आरती. बोबडीच्या सासरी लातूरकडं नवऱ्या मुलानंच विचारलं, "हे असलं कसलं नाव?" आणि अंगठीनं प्रियंका लिहिलं. मी तिथं काही बोलणार होते, तर तेरणानं माझा हात धरला. "लिहू दे. तांदूळच हायेत." तिन्ही लग्नांत ती पंगतीत वाढत होती. तिन्ही वेळा ती न जेवता घरी गेली, हे मला सुभद्रानं नंतर सांगितलं.

थोरली उरली. ती पुण्यात नर्स झाली होती, लग्न करणार नाही म्हणायची. तेरणाची सगळी मदार तिच्यावर. एका दिवाळीत थोरली पेढे घेऊन आली. मी निवृत्त होऊन धाराशिवला राहायला गेले होते, पण त्या दिवशी तिच्याकडंच होते. ती बराच वेळ दवाखान्याचं सांगत राहिली, मग म्हणाली, "मावशी, राग नका धरू. तिकडं सगळे 'तेरा ना?' म्हणून चिडवतात. पेशंटसुद्धा हसतात. मी कागदोपत्री तन्वी करून घेतलंय."

"बरं केलंस," तेरणा म्हणाली. "हसतेत त्या नावानं कशाला राहायचं?" आणि तिनं पेढा खाल्ला. थोरली गेल्यावर मात्र ती तशीच बसून राहिली. अंधार पडायला लागला तरी दिवा लावायला उठेना. मी लावला. तेव्हा तिनं विचारलं, "शशे, आता कोण राह्यलं गं?"

मला खोटं बोलता आलं नाही. आणि त्याच भरात मी तृप्तीचंही सांगून टाकलं. वीस वर्षं पोटात ठेवलेलं. ती म्हणाली, "ठावं हाय मला. पोरीला घरी तेरणा म्हणायचे. तू हजेरीत दुसरंच घेतलंस, म्या भिंतीपाशी हुबी होते." तिनं ते रागानं म्हटलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती नुसतं सांगत होती. त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलली, चहा केला, एसटीपर्यंत सोडायला आली. पण तेव्हापासून तिनं मला कधी फोन केला नाही. मी केला की बोलायची. मीच हळूहळू कमी केला...

दहाव्याला मी गेले. धरणाच्या काठावर विधी होता, पाणी पार आत गेलेलं, भेगाळलेल्या गाळावरून चालत जावं लागलं. तिचा पुतण्या सगळं करत होता. चौघीही आल्या होत्या, कडेवर लेकरं घेऊन. थोरलीचंही शेवटी लग्न झालं होतं. चौघी मनापासून रडल्या, त्यात शंका नाही. निघताना मी थोरलीला मागून हाक मारली, "तेरणे." ती चार पावलांवर होती, लेकराला बिस्कीट भरवत होती. तिनं वळून पाहिलं नाही. मुद्दाम नव्हे, तिला ती हाक आपली वाटलीच नाही. मग मी "तन्वी" म्हटलं. ती लगेच वळली. "काय बाई?" मी म्हटलं, "काही नाही. सांभाळून जा."

पुतण्यानं घर आवरायला काढलं होतं. बहुतेक भांडी मोडीत जायची होती. त्यातला एक पितळी तांब्या मी मागून घेतला. बिरूआबांनी तिच्या लग्नात दिलेला. येडशीच्या जत्रेत तिचं नाव कोरून घेतलेलं. रोज राखेनं घासून घासून अक्षरं गेली आहेत. 'तेर' एवढंच बोटाला लागतं, पुढचं सपाट. धाराशिवच्या माझ्या घरात तो पाण्याच्या माठावर असतो. परवा शेजारच्या बाई पाणी प्यायल्या, तांब्या उजेडात धरून बघत म्हणाल्या, "तेर गावाहून आणलाय का? तिथं जुनी भांडी चांगली मिळतात म्हणे."

सगळं पहिल्यापासून सांगायला हवं होतं. माझ्या तोंडून "हो" गेलं.