वहिनीच्या रिसेप्शनचे फोटो

“नवरी लई सावळी हाय, म्हनून कॅमेरा धरीत न्हाई,” मामी शेजारच्या बाईला म्हणाली. हळूच म्हणाली, पण स्टेजसमोर उभ्या असलेल्या मला ऐकू आलं. सोफ्यावर बसलेल्या वहिनीलाही आलं असणार. तिने मान खाली घातली.

त्यानंतर मी जे केलं ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही आमच्या घरातले नाही — एवढंच.

मामेभावाचं लग्न होतं, नगरला. दुपारी चर्च, संध्याकाळी लॉनवर रिसेप्शन. फोटो मी काढायचे असं ठरलं, कारण मिररलेस कॅमेरा माझ्याकडे होता — आणि कॅमेऱ्यामागे उभं राहिलं की कुणाशी बोलावं लागत नाही. स्टेजवरचे दिवे मंद होते, मागे जांभळा पडदा झगमगत होता. माझा फोकस वहिनीच्या चेहऱ्यावर यायचा, सुटायचा, पडद्यावर जाऊन बसायचा. पुन्हा यायचा. पुन्हा सुटायचा. आहेर द्यायला आलेल्यांची रांग खोळंबली. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि तेच मला सहन होत नाही.

तेवढ्यात मामी माझ्याकडे वळली. “व्हय ना गं?”

काय म्हणायला हवं होतं मी? ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी मान डोलावली. वर म्हणाले, अंधारात गडद चेहरा कॅमेऱ्याला सापडत नाही. इंग्लिश मीडियमची मुलगी, तिला यंत्रातलं कळतं — कुणी शंका घेतली नाही.

दोघीजणी वहिनीला उठवून आत घेऊन गेल्या. पार्लरवालीने तोंडावर आणखी एक थर चढवला. रांग तशीच उभी. दादा सोफ्यावर एकटा, मोबाईल बघत.

तेवढ्या वेळात मी सेटिंग बघितली. आणि — चूक समोरच होती. चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बजावलं होतं, विधी चालू असताना आवाज नको, लाइट नको. म्हणून मी सायलेंट मोड लावला होता. अंधारात फोकस धरायला हा कॅमेरा स्वतःचा एक छोटा नारिंगी दिवा लावतो. सायलेंट मोडमध्ये तो लागत नाही. मोड काढायला मी विसरले होते.

काढला. कुणाला काही बोलले नाही.

वहिनी परत आली, राखाडी चेहऱ्याची. नारिंगी दिवा तिच्यावर पडला आणि पहिलाच फोटो लख्ख आला.

“बगा,” मामी रांगेला म्हणाली, “पावडरनं फरक पडला का न्हाई.”

काहीजण हसले. वहिनीही हसली. तो फोटो मी काढलेला आहे. अल्बमच्या पहिल्या पानावर लावलाय.

तेव्हा बोलता आलं नसतं का? आलं असतं. मी लाजाळू आहे, असं मी स्वतःला सांगत आले. पण मामीला हो म्हणताना कुठे लाजले होते? तिथे तर मी समजावूनही सांगितलं.

वहिनी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. पेशंटच्या नातेवाइकांना दरडावते, डॉक्टरांशीही वाद घालते. पण घरात कुणी मोबाईल जरी वर केला तरी “थांबा, आले” म्हणून आत जाते. ती आरशासमोरून परत येईपर्यंत आम्ही सगळे थांबतो. मीही थांबते.

गेल्या रविवारी तिच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला. नंतर चर्चच्या अंगणात सगळे फोटोला उभे राहिले. वहिनीने पर्समधून डबी काढली आणि बाळाच्या गालांना पावडर लावायला लागली. “आत्याचा कॅमेरा आपल्याला धरत नाही ना, सोनू,” ती लाडाने म्हणाली. मामी शेजारीच होती, तिने बाळाची हनुवटी वर धरली.

भर दुपार होती. उन्हाने डोळे मिटत होते. कॅमेरा तोच होता.

आता बोलायचंच, असं ठरवून मी तोंड उघडलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“वहिनी, पावडर राहू दे,” मी म्हणाले. “हा नवा कॅमेरा आहे. हा धरतो.”