वर चढून पाहणारा

सेलूच्या आमच्या घरावरची कवेलू काढून टिनाचे पत्रे टाकायचे होते. मी सुरतेच्या कापड मिलमध्ये कामाला, सुट्टी चारच दिवसांची. तिघांना भाव विचारले. दोघांनी अंगणातूनच टेप लावून पाहिला. तिसरा साठीचा माणूस. चपला काढून शिडीने वर गेला आणि एकेक लाकूड बोटाने वाजवत, कान लावून ऐकत राहिला. उतरल्यावर माझ्या मायला म्हणाला, "बाई, मधलं आढं पोकळ झालं. ते बदलल्याबिगर पत्रे टाकू नका."

त्याचा भाव सगळ्यांत जास्त निघाला. मी म्हटलं, "काका, बाकीच्यांनी तर लाकडाचं नावच नाई काढलं."

"ते वर चढले होते काय, भाऊ?"

त्याने भाव तोंडीच सांगितला. पहिल्याने छापील कागद दिला होता, खाली शिक्का मारून. सातवीत शाळा सोडलेल्या मला शिक्का दिसला की धीर येतो. त्या पहिल्यालाच काम दिलं आणि मी सुरतेला परतलो.

महिनाभरात वादळ आलं, तेच पोकळ आढं मोडून नवे पत्रे खाली आले. माय शेजारी गेली होती म्हणून वाचली. शिक्केवाला फोन उचलेना. वर चढून पाहणारा काका मात्र ऐकून आपणच आला, पत्रे बाजूला केले, भिंतीला टेकू दिला.

माय फोनवर म्हणाली, "पैसे घेत नाई. म्हणते, पोराले जोर देऊन सांगाले पाह्यजे होतं, माहं चुकलं."

मी म्हटलं, त्याला फोन दे. तो "बोला भाऊ" म्हणाला. मी म्हटलं, "काका, तुमचा भाव पुन्हा सांगा. आता काम तुम्हीच करा."