पॅडल कुणी धरलं होतं?

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर आमच्या वडिलांनी घरातले अंगारे, गंडेदोरे सगळे ओढ्यात सोडले आणि आम्हा भावंडांना बजावलं, "देवरशाच्या दारात दिसला तर तंगडं मोडीन." अशा घरात वाढलेला मी, त्यात धंद्यानं ड्रायव्हर. तरीही हे सांगतोय... नात टाइप करतेय.

चौसष्ट साल असावं. पाचगणीत एका बंगल्यावर मी मोटार चालवायचो. त्या सकाळी मागच्या डाव्या चाकाच्या ब्रेकचं रबर बदललं. रबर बदललं की पाइपात हवा शिरते आणि ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पॅडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं गाडीखाली झोपून चाकाजवळचा निपल सैल करायचा, हवा निघाली की आवळायचा, आणि मगच वरच्यानं पाय काढायचा. मधेच काढला की हवा परत आत. माळी रजेवर होता, दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, उद्या बघू.

तेवढ्यात आक्का आणि दाजी डॉक्टरकडून धावत आले. सांगलीहून चार दिवस माझ्याकडे राहायला आले होते. दाजींच्या खांद्यावर चार वर्षांची शालू, माझी भाची. घटसर्प! श्वास घेताना घसा नुसता करवतीसारखा वाजत होता. डॉक्टर म्हणाले होते, इंजेक्शन साताऱ्यालाच मिळेल. बंगल्याच्या बाईसाहेबांनी लगेच गाडी न्यायला सांगितली. ब्रेकचं मी कुणालाच बोललो नाही. पहिल्या गिअरमध्ये उतरू, दोनदा पॅडल मारलं की धरतंय — असला माझा शहाणपणा.

पसरणी घाटात तिसऱ्या वळणावर पॅडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, गाडी डोंगराच्या अंगाला घासली आणि कशीबशी थांबली. चाकांना दगड लावले. वारा लागावा म्हणून आक्का पोरीला घेऊन जांभळीखाली बसली. डब्यातलं ब्रेक ऑइल भरलं, दाजींना सीटवर बसवलं आणि मी गाडीखाली शिरलो.

"दाबा दाजी!"

"दाबलं!"

मी निपल सैल केला की ह्यांचा पाय वर! तीनदा तेच. मी खालून ओरडलो, "आवं दाजी, पोरगी जाईल हातची! मी सोडा म्हणल्याबिगर पाय काढू नगा!"

चौथ्या वेळेपासून मात्र... काय सांगू! पॅडल सावकाश दाबलं जायचं आणि मी "सोडा" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही. वरून नुसती पॅडलची कुरकुर. निपलला लावलेल्या नळीतून बाटलीत बुडबुडे आले, कमी झाले, मग नुसतं ऑइल यायला लागलं. म्हटलं, शिकले एकदाचे दाजी! शेवटचं आवळलं आणि "सोडा" न म्हणताच बाहेर सरकलो.

बघतो तर दाजी खालच्या वळणावरून ओला टॉवेल घेऊन धापा टाकत चढत होते.

"आक्का, दाजी कवा उतरलं गं?"

"आरं, तू वरडलास न्हवं, तवाच. पोरीनं डोळं फिरवलं, म्हून म्या पाण्याला धाडलं. तुला हाक बी मारली की!"

मी दाराशी गेलो. सीट रिकामी होती. पॅडल मात्र दाबलेलंच. सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "सोडा, झालं." आणि पॅडल हळूच वर आलं.

विचार करायला वेळ कुठला! पाय ठेवला तर ब्रेक घट्ट लागत होता. घाट उतरलो, साताऱ्याला पोचलो. शालू वाचली.

स्प्रिंग अडकली असेल म्हणून नंतर मी ते पॅडल शंभरदा दाबून बघितलं. एकदाही अडकलं नाही. आणि अडकलेली स्प्रिंग माणसाचं ऐकून सात-आठ वेळा दाबणार कशी?

वडिलांना भीतभीत सांगितलं. मोडतायत आता तंगडं, असंच वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भूत-बीत काय नसतंय. पर पोरगी हाय न्हवं? मग ज्यानं धरलं त्याचं आभार मान."

"कुणाचं, आण्णा?"

"ते मला काय ठावं?"

शालू आता आजी झालीय. परवा येऊन पुरणपोळ्या करून गेली, आणि मला ते पॅडल आठवून भरून आलं. त्या दिवशी घाईत मी "सोडा, झालं" एवढंच म्हणालो, आभार राहूनच गेले. चूक माझी होती, आणि पॅडल तू धरून ठेवलंस. जो कोण असशील... लय उपकार झाले, गड्या.