कोरफडीचा गर

जुईने एकदाच तोंड लावलं आणि ती थुंकली.

स्तनांवर कोरफडीचा कडू गर काल संध्याकाळी मीच लावला होता. मला सातवा महिना आहे. जुई अडीच वर्षांची, अजून अंगावरचं दूध पिते. ती प्यायली की माझ्या पोटात कळा येतात. अलिबागच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता बंद करा.

"कोरफड लाव," सासूबाई म्हणाल्या. "माझी चारी पोरं तशीच सोडवली. रडंल नि गप बसंल. त्यात काय हाय?"

मैत्रिणींनो, आयांच्या याच ग्रुपवर मी लिहिलं होतं की बाळाचं दूध फसवून तोडू नये, बाळ ते आपणहून सोडतं. चौलच्या एका बाईला मी त्यावरून सुनावलंही होतं.

जुई रडली नाही. फ्रॉकच्या टोकाने माझी छाती पुसू लागली.

"आई, तुला बाऊ झाला?"

"हो," मी म्हणाले.

तिने फुंकर घातली.

तुमच्यापैकी कुणी असं खोटं बोललं असेल, तर नंतर मुलाला खरं सांगितलंत का?

आज सकाळी उठल्यावर ती माझ्याकडे आली नाही. स्वयंपाकघरात जाऊन आजीकडून कपात दूध घेतलं आणि सगळं प्यायली.