पूजेच्या ताटातले बोल्ट

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. माझ्या सासऱ्यांच्या वेळी ताटात विळा-कोयता असायचा, आमच्या वेळी पाने आणि पक्कडी. नवरा सरकारी कारखान्यात फिटर होता. नोकरी सुटल्यावर त्याने गढा या आमच्या वस्तीतल्या घराच्या पडवीत पाण्यावरच्या स्कूटरी दुरुस्त करायला घेतल्या. बरगीच्या जलाशयावर पर्यटकांना फिरवणारा एक नाववाला त्या आणून द्यायचा. त्यातल्या एकीचं इंजिन नवऱ्याने जास्त जोराचं केलं होतं. सिलिंडरवरचं झाकण, म्हणजे हेड, घासून कमी केलं, की आतला दाब वाढतो. दाब वाढला की ते हेड धरून ठेवणाऱ्या बोल्टांवरच सगळा भार येतो.

ते बोल्ट आवळण्याचं काम माझं. त्याचा उजवा खांदा निकामी, आणि माझा हात सावकाश चालतो. ठरवलेला जोर भरला की टक् वाजणारा एक पाना असतो. बोल्ट चौदा. मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, दर फेरीला जोर थोडा वाढवत. पण त्याआधी बोल्ट पेट्रोलमध्ये बुडवून कोरडे करायचे. आट्यांना तेल राहिलं तर पाना तिथेच टक् म्हणतो, बोल्ट मात्र हव्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि अॅल्युमिनियमचे मऊ आटे ओरबाडून निघतात. हे मला नवऱ्यानेच शिकवलं होतं आणि मी ते कधी विसरले नव्हते.

त्या वर्षी नवे बोल्ट नवमीच्या आदल्या दिवशी आले. नवी वस्तू म्हणून मी ते पान्यांबरोबर ताटात उभे मांडले. सगळ्यांना तेलाचं बोट, हळद-कुंकू, झेंडूचं फूल. पूजेला ठेवलेल्या हत्याराला दिवसभर हात लावायचा नाही, ही सासूबाईंची शिस्त मी अजून पाळते. संध्याकाळी ताट हलवलं. दसऱ्याला सकाळी मशीन पाण्यात उतरवून बघायचं ठरलं होतं, म्हणून मी लगेच कामाला बसले. फूल बाजूला केलं, फडक्याने कुंकू पुसलं. बोल्ट चकचकीत दिसत होते. चौदाही वेळा टक् वाजलं.

सकाळी नवरा मशीन टेम्पोवर चढवून गेला. मी दाराला तोरण बांधलं आणि ताट घासायला घेतलं. तळाला चौदा गोल डाग होते, तेलाचे, आत कुंकू कालवलेलं. मी एका डागावरून बोट फिरवलं. बोट सरकन घसरलं.

बोल्ट मी पेट्रोलमध्ये धुतलेच नव्हते. त्या मशीनची पेट्रोलची टाकी इंजिनाच्या पुढेच असते आणि वरून सीट घट्ट बसते. हेड उचललं गेलं तर पेटता वायू त्या बंद जागेत शिरणार. आणि माणूस किनाऱ्यापासून मैलभर आत, पोहणं बेताचंच. मी फोन लावला. लागला नाही. बरगीला तेव्हा फोन लागतच नसे.

टक् वाजणारा पाना पिशवीत टाकला, घरची स्कूटर काढली. तिलवाऱ्याचा पूल ओलांडेपर्यंत मी एकच हिशेब करत होते : तो किती वाजता निघाला, चहाला किती वेळ थांबला असेल. नंतर हिशेबही सुचेना. एका ट्रकने मागून हॉर्न दिला तेव्हा लक्षात आलं, की मी रस्त्याच्या मधोमध चालवतेय.

घाटावर नाववाला आरामात विडी ओढत बसला होता.

"हे कुठे?"

"अरे दीदी, भैया तो गए. वो देखिए." त्याने विडीनेच पाण्याकडे दाखवलं. लांब एक पांढरी रेघ आणि पुढे ठिपका.

"परत बोलवा. नाव पाण्यात घाला."

"अभी तो गए हैं. आप त्योहार के दिन डाँटने आई हैं?"

"इंजन फटेगा," मी म्हटलं. त्याची विडी खाली पडली.

तो नाव सोडत होता तोवर मी आवाज ऐकत उभी राहिले. आवाज चांगला होता, भरीव. मग त्यात शिट्टीसारखं काहीतरी मिसळलं. शिट्टी वाढली आणि आवाज तुटला. ठिपका थांबला. त्यावरून धूर निघाला की वाफ, तेवढ्या लांबून समजेना. नवरा सरळ बसलाय की नाही, हेही समजेना. नाव पोचायला किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. मी पिशवीतला पाना दोन्ही हातांनी धरला होता, जणू तो सोडला तर काहीतरी होईल.

दोराला बांधलेलं मशीन घेऊन नाव परतली. नवरा मशीनवर सरळ बसला होता, गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"तू काय करून राहिली इथं?"

"बोल्टांना तेल राहिलं. पूजेचं. मी धुतले नाहीत."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सीट उचलली. इंजिन गार होऊ दिलं. मग मी पाना लावला. सहा बोल्टांनी टक् दिलं. सातवा फिरला, आणखी फिरला, फिरतच राहिला. बोटांनी वर ओढला तर हातात आला. त्याच्या आट्यांत चांदीसारखा अॅल्युमिनियमचा चुरा गुंडाळलेला होता.

"अच्छा," नवरा म्हणाला. "शिट्टी झाल्याबरोबर मी बंद केलं." मग थोड्या वेळाने, "पुढच्या साली यांना नुसतं फूल वाह्यजो."

नाववाला हसला. मला हसता आलं नाही. परत निघताना मी स्कूटरची किल्ली काढली. नवऱ्याने ती माझ्याकडून घेतली आणि दुखऱ्या खांद्याने घरापर्यंत स्कूटर चालवली. मी मागे बसून त्याचा शर्ट धरून ठेवला होता.

खंडेनवमी मी अजून करते. पाने ताटात असतात. बोल्ट कपाटात, कुलपात असतात, आणि ते कुलूप मी पूजेआधी दोनदा ओढून बघते.